समुद्राकाठची हातांनी बांधलेली घरे : त्यांचे सौंदर्य नेमके कशात आहे?

माडबन

नमस्कार.

गोव्यात चापोरा नदी ओलांडून मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल असे किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे गेलेल्या मंडळींना माडांच्या बागांत आणि टेकड्यांच्या उतारांवर काही वेगळ्याच घडणीची घरे दिसली असतील. चित्रकार, मातीची भांडी घडवणारे, वादक, लाकडात कोरीव काम करणारे असे अनेक जण गेल्या काही दशकांत या भागात येऊन राहिले. त्यांपैकी काहींनी गावातल्या गवंड्या-सुतारांना सोबत घेऊन आपली घरे स्वतः उभी केली. या घरांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा छायाचित्रांखालच्या दोन ओळींपुरते असते आणि त्यात 'निसर्गरम्य' या शब्दाच्या पलीकडे फारसे काही नसते. म्हणून हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. अशा घराचे काम वास्तुशांतीच्या दिवशी पुरे होत नाही. ज्या घराला दर वर्षी कोणाचा तरी हात लागावाच लागतो, त्याच घरात हाताची खूण जिवंत राहते, आणि आपल्याला जे मोहवते ते हेच. एकदा बांधून पंचवीस वर्षे विसरून जाण्याच्या हिशेबाने उभारलेल्या इमारतीला मातीचा रंग दिला, वेलबुट्टी काढली, तरी ते उसने रूप दोन पावसाळ्यांत उघडे पडते.

मांद्र्यात मातीची भांडी घडवणाऱ्या एका परिचित बाईंचे घर मी जवळून पाहत आलो आहे. जोते चिऱ्यांचे, म्हणजे जांभ्या दगडाचे आहे, गुडघ्याहून थोडे उंच. त्यावर दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंती, वर माडाचे वासे, पोफळीच्या रिपा आणि पाडलेल्या एका जुन्या घरावरून उतरवून आणलेली मंगळुरी कौले. स्वयंपाकघराच्या भिंतीत एक कोनाडा आहे. त्याची कड पहिल्या वर्षी धारदार, अगदी काटकोनात होती. दर वर्षी पावसाळा सरला की तिच्यावरून माती-शेणाचा पातळ हात फिरतो. असे थरावर थर बसून ती कड आता इतकी गोलसर झाली आहे की तळहात तिथे आपसूक विसावतो. उन्हे तिरपी आली की त्या कडेवर बोटांच्या चार समांतर रेघा दिसतात, कारण शेवटचा हात बाई स्वतः घेतात आणि तो नेहमी डावीकडून उजवीकडे फिरवतात. ही गोलाई कोणत्याही आराखड्यात काढलेली नव्हती.

कलावंतांनी समुद्राकाठी वस्ती करून आपापली घरे घडवण्याची उदाहरणे इतरत्रही आहेत. आपल्या देशात चेन्नईजवळचे चोळमंडल सर्वांना माहीत आहे. के. सी. एस. पणिक्कर यांच्या पुढाकाराने १९६६ साली चित्रकार-शिल्पकारांनी तिथे एकत्र येऊन जमीन घेतली आणि त्यासाठीचा पैसा बाटिकसारख्या हस्तकलेच्या वस्तू विकून उभा केला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर कार्मेल नावाचे गाव आहे. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर अनेक लेखक-चित्रकार त्या गावात येऊन स्थायिक झाले. तिथे ह्यू कॉमस्टॉक नावाच्या गृहस्थांनी १९२४ साली पत्नीच्या कापडी बाहुल्या मांडण्यासाठी एक लहानसे घर बांधले. वास्तुरचनेचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. गिलाव्यात त्यांनी पाइनच्या वाळलेल्या सुया मिसळल्या होत्या, हे वाचले तेव्हा मला आपल्याकडे मातीत कालवला जाणारा भाताचा पेंढा आठवला. त्याच गावात रॉबिन्सन जेफर्स हे कवी आपले घर बांधणाऱ्या पाथरवटाच्या हाताखाली राबून दगडाचे काम शिकले आणि नंतर किनाऱ्यावरचे ग्रॅनाइटचे धोंडे वर वाहून नेऊन त्यांनी एक बुरूज जवळजवळ एकहाती रचला.

या साऱ्या ठिकाणी मला एक गोष्ट समान दिसते. घर बांधणाऱ्याने आजूबाजूला जे पडले होते ते उचलले आणि ते वापरण्याची रीत जाणत्या माणसाकडून शिकून घेतली. आपल्याकडे तर उचलण्यासारखे भरपूर आहे. चिरा आहे, लाल माती आहे, माड-पोफळी आहेत, शिंपले आहेत. ते हाताळण्याची रीत जाणणारी माणसे मात्र दर वर्षी कमी होत आहेत. ज्यांनी अशी घरे बांधली आहेत, बांधताना पाहिली आहेत किंवा अशा घरांत राहिले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पागोळी

माडबन, विषय फार आवडीचा काढलात. आमच्या घराण्यात गवंडीकाम होते, त्यामुळे मातीच्या भिंतीविषयी थोडे लिहितो.

मातीची भिंत म्हणजे ओली माती एकावर एक रचणे, असा पुष्कळांचा समज आहे. खरे काम माती निवडण्यापासून सुरू होते. चिकणपणा जास्त असेल तर भिंत वाळताना तडकते आणि रेव जास्त असेल तर ती बोटाने उकरली जाते. वाडवडील माती तळहातावर मळून, तिची वात करून पाहत. आज कोणाला तसा अंदाज नसेल तर काचेच्या बरणीत माती व पाणी घालून, ढवळून, एक रात्र ठेवावे. तळाशी रेव, तिच्यावर गाळ आणि सर्वांत वर चिकणमाती असे थर बसतात आणि प्रमाण डोळ्यांना दिसते. वारुळाची माती आमच्याकडे फार मोलाची मानत आणि ती भिंतीपेक्षा जमिनीसाठी व चुलीसाठी राखून ठेवत.

निवडलेल्या मातीत पेंढ्याचे तुकडे घालून ती पायांनी तुडवायची, झाकून ठेवायची आणि पुन्हा तुडवायची. नंतर फूट-दीड फूट उंचीचा एक थर सबंध घराभोवती फिरवायचा आणि थांबायचे. हे थांबणे नवख्यांना जड जाते. खालचा थर भार सोसण्याइतका घट्ट होण्याआधी वरचा चढवला की भिंत पोटाकडून फुगते. थर अर्धवट वाळला की फावड्याने बाजू तासून सरळ करतात. बाहेरचे कोपरे मुद्दाम गोल ठेवतात, कारण टोकदार कोपरा पहिल्याच वर्षी गुरांच्या अंगाने आणि पावसाने झिजतो. हे सारे काम पाऊस पूर्ण गेल्यावर सुरू करून मेच्या आत कौले चढवायची असतात, म्हणून वर्षात एका गवंड्याच्या हातून मोजकीच घरे होत.

आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो नैऋत्येकडून झोडपत येतो. म्हणून पश्चिम व दक्षिण बाजूंची वळचण लांब ठेवतात आणि मेअखेर त्या बाजूंना चुडत्यांची, म्हणजे माडाच्या झावळ्यांची विणलेली झापे, आपल्याकडची मल्लां, बांधतात. छायाचित्रकारांना ती झापे सुंदर वाटतात आणि ती खरोखरच सुंदर असतात. पण त्यांच्याविना आतली भिंत आषाढ पार करणार नाही, हेही ध्यानात असावे. हौसेने बांधलेली काही मातीची घरे पडली ती याच कारणाने. वळचण आखूड आणि जोते बुटके, त्यामुळे पागोळ्यांचे पाणी उसळून भिंतीच्या पायथ्याला लागत राहिले.

खाजनकाठ

धागा वाचला. माहिती मोलाची आहे, पण एक गोष्ट इथे कोणी तरी लिहिणे आवश्यक आहे, म्हणून लिहितो.

माझे आजोबा मुंडकार होते, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणारे. ज्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, ते नारळ राखत, त्याच भाटाच्या कडेला त्यांचे मातीचे आणि चुडत्यांनी शाकारलेले घर होते. ते घर मातीचे होते, कारण चिऱ्याचे बांधण्यास भाटकार परवानगी देत नसे. पक्के घर उभे राहिले की माणसाला उठवणे अवघड जाते, हे त्यालाही कळत होते. आजी दर वर्षी भिंती सारवी, त्यात नाइलाज होता. एका पावसाळ्यात मागची भिंत रात्री खचली तेव्हा माझे वडील लहान होते आणि त्या रात्रीविषयी ते आजही बोलत नाहीत. १९७५ साली मुंडकार संरक्षण कायदा आला, राहत्या घराची जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला, आणि आमच्या घरच्यांनी पहिले काय केले असेल तर चिरे आणून सिमेंटात घर बांधले. त्या घराला सौंदर्य नाही असे कोणी म्हटले तर मला ते मान्य नाही. आमच्या लेखी ते गावातले सर्वांत देखणे घर होते.

आता त्याच गावात बाहेरून आलेली मंडळी लाखो रुपये खर्चून मातीचे घर बांधतात आणि कामाला आमच्याच वाड्यावरच्या (वस्तीतल्या) बायका जातात. काम मिळते हे चांगलेच आहे. पण गवंड्याला जो रोज (दिवसाची मजुरी) मिळतो, त्याच्या निम्म्यावर सारवणाऱ्या आणि झापे विणणाऱ्या बाईची बोळवण होते. माडबन बाब, हाताची खूण म्हणून जे आपण वाखाणता, तो हात कोणाचा आणि त्याला काय मिळते, हेही चर्चेत असू द्यावे.

सुरंगी

खाजनकाठ यांचा मुद्दा अगदी बरोबर आहे. त्याच्या शेजारी एक वेगळी माहिती ठेवते.

आम्ही दक्षिण गोव्यातल्या काणकोणचे. पाळोळे, आगोंद, पाटणे इथल्या हंगामी खोपी तुम्ही सर्वांनी पाहिल्या असतील. ऑक्टोबरच्या सुमारास बांबू, फळ्या आणि झापे यांनी त्या उभारल्या जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर पूर्ण उतरवून, सामान बांधून ठेवले जाते. हे करणारे आमचे कारागीर एकही वासा वाया जाऊ देत नाहीत. कोणता बांबू कोणत्या खोपीच्या कोणत्या कोपऱ्याचा, हे त्यांना खुणेवरून कळते. बांबू पावसाळ्यानंतर, शक्यतो कृष्ण पक्षात तोडायचा आणि पाण्यात बुडवून ठेवायचा, म्हणजे त्यातला गोडवा निघून जातो आणि भुंगा लागत नाही, ही पद्धत त्यांनी सोडलेली नाही. हातांनी बांधलेल्या घरांचा विचार करताना या खोपीही मोजाव्यात. त्या दर वर्षी नव्याने जन्माला येतात.

चुनेगच्ची

माझे काम जुन्या घरांच्या दुरुस्तीचे आहे, म्हणून फक्त चुन्याविषयी लिहितो. लांबण लागली तर क्षमा असावी, पण या विषयावर अर्धवट लिहिलेले लोक वाचतात आणि घराचे नुकसान करून घेतात.

मातीच्या किंवा चिऱ्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नये. भिंतीत जमिनीतून आणि पावसातून ओल येते, ती येणारच. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडून ठेवते. वरून गिलावा टणटणीत दिसतो आणि मागे माती भुसभुशीत होत जाते. एके दिवशी हाताएवढा पापुद्रा निघून येतो आणि त्यासोबत भिंतीचा वीतभर भागही येतो. म्हापशाजवळच्या एका घरात गिलाव्यावर बोटाची पेरे वाजवत गेलो, तर दाराच्या चौकटीपासून खिडकीपर्यंत सगळीकडून पोकळ आवाज आला. मालकांनी तो गिलावा घर मजबूत व्हावे म्हणूनच केला होता आणि करणाऱ्या ठेकेदाराने त्यांना काहीही सांगितले नव्हते.

समुद्राकाठी आणखी एक भर पडते. खारा वारा काँक्रीटमधल्या लोखंडी सळ्यांपर्यंत पोहोचतो, सळी गंजते, गंज सळीपेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फुटते. चिरा आणि चुना यांच्या बांधकामात लोखंडच नसते, त्यामुळे हा रोग त्याला होत नाही. चिरा खाणीतून काढताना नरम असतो आणि हवेवर राहून कठीण होत जातो. चुन्याचेही तसेच आहे. विझवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत शोषत पुन्हा चुनखडी बनतो. म्हणजे वर्षे जातील तशी ही भिंत पक्की होत जाते. पूर्वी किनाऱ्यावरच्या भट्ट्यांत शिंपले भाजून चुना करत, गुळाचे पाणी घालून तो मुरवत, आणि अशाच मुरवलेल्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या रंगाचा थर देऊन तो ओला असतानाच कोरत. आपल्या देवळांच्या भिंतींवरचे कावीचे काम असे झालेले आहे. म्हणजे गवंडी आणि चित्रकार एकाच परातीतला चुना वापरत होते.

ज्यांना हे प्रत्यक्ष पाहायचे आहे त्यांनी पर्वरीजवळ तोर्डा येथील गोव्यातील घरांचे संग्रहालय अवश्य पाहावे. वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी ते रस्त्यांच्या मधल्या त्रिकोणी जागेवर चिऱ्यांत बांधले आहे. केरळात कमी खर्चाची घरे बांधणारे वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्या हाताखाली ते शिकले, आणि जागेवर मिळेल ते साहित्य जपून वापरण्याचा बेकर यांचा आग्रह त्या इमारतीत दिसतो.

माडबन

सर्वांचे आभार. खाजनकाठ, आपले लिहिणे मी पुन्हा पुन्हा वाचले. आपल्या आजोबांच्या घराला आणि मांद्र्याच्या त्या घराला एकाच मापाने मोजता येणार नाही. निवडून घेतलेली माती आणि लादलेली माती यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरीही मला एक दिसते. आपल्या आजींच्या हातात जी विद्या होती ती भाटकाराने दिलेली नव्हती, ती त्यांची स्वतःची होती. अन्याय संपला हे योग्यच झाले. त्यासोबत ती विद्याही संपावी असे मला वाटत नाही, आणि ती टिकवायची तर तिला कसबाचे दाम मिळालेच पाहिजेत. सारवणे आणि झापे विणणे हे 'बायकांचे वरकाम' म्हणून हिशेबात धरले जाते तोवर कोणती मुलगी ते शिकेल?

सुरंगीताई, काणकोणच्या खोपींचा उल्लेख फार समर्पक. त्या अशा हंगामी का आहेत, हेही नवीन वाचकांसाठी सांगतो. किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची. तिने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या पक्क्या बांधकामाला मनाई केली. २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी कलमे घातली गेली. त्यांनी वाळूच्या टेकड्यांना हात लावण्यास मनाई केली आणि मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग हे कासवांचे किनारे संरक्षित ठरवले. माती आणि बांबू वापरले म्हणून वाळूच्या टेकडीवर घर बांधण्याची मुभा कोणालाही मिळत नाही. असे सांगून भूखंड विकणारे आमच्या भागात फिरत असतात, म्हणून स्पष्ट लिहिले. ज्या घरांविषयी मी बोलत आहे ती माडांच्या बागांच्या मागे, जुन्या वाड्यांना लागून आहेत.

कवडसा

मी चित्रे काढते आणि अशाच एका घरात राहते. भिंतींविषयी जाणत्यांनी लिहिले आहे, मी उजेडाविषयी लिहिते.

आमच्या घराला जुन्या पद्धतीची एक शिंपल्यांची खिडकी आहे. काच महाग होती त्या काळात चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे लहान चौकोनी तुकडे कापून ते लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवत. हे शिंपले झुआरीच्या मुखाशी, चिखलीच्या खाडीत मिळतात. आता ही जात कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे नव्या खिडकीसाठी ते गोळा करू नयेत. आमची खिडकी जुन्या सामानातून आलेली आहे. भर दुपारी तिच्यातून येणारा उजेड दुधट असतो, सावलीला कड राहत नाही. पाण्याच्या रंगांत काम करताना कागदावर चमक येत नाही आणि पिवळा रंग जसा आहे तसाच दिसतो. तुकड्यांवर बारीक वर्तुळाकार रेषा आहेत, त्या शिंपल्याच्या वाढीच्या. सकाळी त्या रेषा भिंतीवर उमटतात.

वर कौलांत दोन काचेची कौले बसवली आहेत. त्यांतून पडणारा उन्हाचा तुकडा जमिनीवरून सरकत जातो. मी घड्याळ न पाहता काम थांबवते. चित्र काढायला असे घर मिळणे हे मी भाग्य समजते, आणि दर मे महिन्यात शाकारणीच्या वेळी फुटकी कौले बदलताना शिडी धरायला उभी राहते. खाजनकाठ यांनी लिहिलेला रोजाचा मुद्दा मी आमच्या वस्तीतल्या सर्वांना वाचून दाखवला. पुढच्या मोसमापासून विणकामाचा आणि सारवणीचा रोज गवंड्याच्या बरोबरीने द्यायचा, असे इथल्या पाच-सहा घरांनी ठरवले आहे.

आणखी एक विचारायचे होते. आमच्यापैकी काही जणांना झापे विणणे स्वतः शिकायचे आहे. कोणी शिकवील का?

खाजनकाठ

कवडसा, आपण वाचून दाखवलेत आणि त्यावर निर्णयही घेतलात, याचे मनापासून समाधान वाटले.

आमच्या वाड्यावर माझी आत्या आणि तिच्या शेजारच्या एक बाई अजून झापे विणतात. त्यांना विचारले. एप्रिलमध्ये सकाळच्या वेळी शिकवायला दोघी तयार आहेत. शिकवण्याचा रोज वेगळा आणि विणून झालेल्या झापांचे पैसे वेगळे, असे त्यांनी स्वतःच सांगितले. जास्तीत जास्त आठ जणांना घेतील, कारण प्रत्येकाचा हात धरून पहिली पाती वळवून दाखवावी लागते. चुडती तुम्ही आणायची आहेत. ती हिरवी किंवा पूर्ण सुकलेली नकोत. आपसूक गळालेली, देठाकडून चिरून दोन भाग केलेली आणि काही दिवस खाऱ्या पाण्यात भिजलेली असावीत, नाही तर पाती वळताना मोडतात. आमच्या मानशीजवळ, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ, भिजत घालायला जागा आहे. आदल्या आठवड्यात आणून द्या, मी बांधून पाण्यात सोडतो.